बॅटरीच्या हत्तीची उत्तरपूजा

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर मी एक वाक्य बोलून गेले आणि तुम्ही दोघंही खो खो हसलात. थोरला सांगत होता की त्याच्या जर्मनीतल्या कारखान्यातले जुने रोबो काढून टाकायचं काम त्याच्या गळ्यात पडलं आहे. नवे बसवायला सगळे पुढे, पण जुन्यांचं काय करायचं हे बघायला कोणी तयार नाही. आधी त्यांच्या बॅटऱ्या काढायच्या, त्या वेगळ्या पाठवायच्या, मग लोखंड वेगळं. त्यातच एका म्हाताऱ्या कामगाराने एका रोबोच्या हाताला रिबीन बांधली आणि दिवसभर ती कोणाला सोडू दिली नाही. धाकटी तिकडून, कॅनडातून ओरडली, "रोबोची अंत्ययात्रा!" तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या आजोबांनी हे कलकत्त्यात केव्हाच करून ठेवलंय."

"कलकत्त्यात? तेव्हा? रोबो?" असं म्हणून तुम्ही हसलात आणि मग थोरल्याला कोणाचा तरी दुसरा फोन आला. माझी गोष्ट तोंडातच राहिली.

ती आता लिहून काढते आहे. आजोबा सांगायला नाहीत. तुमची आई तेव्हा एवढीशी होती, तिला त्यातले फक्त पतंग आठवतात. माझं अक्षर अजून वाचण्याजोगं आहे, ते किती दिवस राहील हे डोळ्यांचे डॉक्टरही सांगत नाहीत. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून वाक्यं लहान ठेवते. अडलंच तर आईला विचारा, पण आधी स्वतः वाचा.

आम्ही तेव्हा काळीघाटजवळ एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालक बंगाली, वर आम्ही. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. तुमचे आजोबा बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये इंजिनिअर होते. रोज सकाळी लोकलने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे ते शर्टाच्या कॉलरवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर तागाची पिवळट लव घेऊन. दाराशी मी एक ब्रश टांगून ठेवला होता. तो फिरवल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही असा माझा नियम होता. ते म्हणायचे, "अगं, गोठ्यातसुद्धा बैलाला इतकं घासत नाहीत." पण उभे राहायचे मुकाट्याने.

त्या मिलमध्ये एक हत्ती होता.

खरं तर ती एक बॅटरीवर चालणारी गाडी होती. तागाचे गठ्ठे गोदामातून यंत्रांपर्यंत न्यायला कोणे एके काळी विलायतेहून आणलेली. तागाच्या गोदामात ठिणगीची धास्ती, म्हणून पेट्रोलचं इंजिन तिथे नको होतं. बुटका, रुंद लोखंडी पाट, त्याला चार छोटी चाकं, आणि पुढे उभं राहायला एक फळी. चालवणारा त्या फळीवर उभा राहून दोन दांडे हातात धरी. पाटाखाली एक मोठी पेटी होती आणि तिच्यात शिशाच्या बॅटऱ्यांचे जड जड सेल ओळीने बसवलेले. रोज काम संपलं की गाडी शेडमध्ये नेऊन चार्ज करायची. आवाज असा नाहीच, फक्त एक घुमणारा हुंकार. त्या हुंकारामुळेच कोणीतरी तिला 'हाती' म्हटलं असावं. हाती म्हणजे बंगालीत हत्ती. पुढच्या पत्र्यावर कोणी तरी दोन मोठे डोळे रंगवले होते, आणि मधून खाली उतरणारी लाल सोंड.

हातीला जो चालवायचा त्याला अर्थातच सगळे 'माहूत' म्हणायचे. तो वयाने माझ्या वडिलांएवढा, पण मला 'मा' म्हणायचा. तिकडे बायकांना मानाने असंच हाक मारायची पद्धत. सडपातळ, पांढऱ्या मिशा, आणि गमछा कायम डोक्याला. कधीपासून हाती चालवतोस असं विचारलं की म्हणायचा, "मा, आम्ही दोघंही काळ्या केसांचे होतो तेव्हापासून."

बंगाली भाद्र महिन्याच्या शेवटी तिकडे विश्वकर्म्याची पूजा असते. आपल्याकडे खंडेनवमीला जशी हत्यारं पुजतात, तशी त्या दिवशी कारखान्या-कारखान्यात यंत्रांची पूजा. आकाशात पतंगच पतंग. आणि बंगालमध्ये विश्वकर्मा बसतो हत्तीवर. मग आमच्या मिलमध्ये मूर्ती कशावर बसवायची हा प्रश्नच नव्हता. आदल्या दिवशी माहूत हातीला घासून पुसून काढी, पुढच्या पत्र्याला शेंदूर, गळ्यात झेंडूची माळ. हातीच्याच पाटावर मूर्ती बसे आणि दुसऱ्या दिवशी तोच मूर्तीला घेऊन मिलच्या जेटीपर्यंत जाई. तिथे गंगेत विसर्जन. आम्ही बायकामुलं खिचुडी खायला जायचो. माहूत तुमच्या आईला हातीवर बसवून शेडभोवती एक फेरी मारून आणी. तिच्या मते खरे हत्ती, अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयातले, हे नकली होते. त्यांना चाकं नव्हती.

आता वाईट भाग सांगते.

आजोबा त्या मिलमध्ये लागण्याच्या थोडं आधी हातीच्या बॅटऱ्या एकदा बदलल्या होत्या. जुन्या सेलांचा लिलाव झाला आणि ते एका भंगारवाल्याने घेतले. वाहून नेण्याचा त्रास नको म्हणून त्याने कामगारांच्या लाइनींमागे, म्हणजे चाळींमागे, जे तळं होतं, त्याच्या काठावरच माणसं बसवली. त्यांनी कुऱ्हाडीने सेल फोडले. आतलं अॅसिड उतारावर ओतून दिलं. शिशाच्या पट्ट्या मातीच्या चुलीवर कढईत वितळवल्या. वितळलेलं शिसं चांदीसारखं दिसतं, तुम्ही पाहिलं नसेल. लाइनीतली सगळी पोरं ते बघायला बसून राहायची. थंड झालेले थेंब गोळा करून मुली त्यांनी पाचखड्यांचा खेळ खेळायच्या.

त्या तळ्यावर लाइनीतल्या सगळ्या बायका आंघोळ करायच्या, भांडी घासायच्या, तांदूळ धुवायच्या. पहिल्यांदा मासे उलटे होऊन वर आले. मग मुलांच्या पोटात दुखायला लागलं. सगळ्यात जास्त आजारी पडली माहुताची नात. सारखी पोट धरून रडायची, अंगात रक्त म्हणून राहिलं नाही, आणि मग तिचा उजवा हात मनगटातून लुळा पडला. भात कालवता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, शिसं पोटात गेलंय. तिला कितीतरी दिवस इस्पितळात ठेवलं, तेव्हा ती वाचली.

आजोबा नोकरीला लागले तेव्हा ती नुकतीच घरी आली होती. माहुताच्या ओट्यावर बसून डाव्या हाताने मुडी, म्हणजे कुरमुरे, खात होती. तुमचे आजोबा फारसं न बोलणारे. त्या संध्याकाळी ब्रशखाली उभे असताना एवढंच म्हणाले, "माझ्या हातून त्या गाडीचे सेल असे जाणार नाहीत." मग त्यांनी तळ्याच्या काठाला चुना टाकून घेतला, वरची काळी पडलेली माती काढवून घेतली. मासे परत यायला मात्र काही वर्षं गेली.

तसा हाती अजून चालला असता, पण पुढे लोडशेडिंगने त्याचा जीव घेतला. तुम्हाला त्या दिवसांची कल्पना यायची नाही. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसे. बॅटरी अर्धीच भरायची, पुन्हा पूर्ण रिकामी व्हायची. असं वर्षभर झालं आणि सेल बसले. गठ्ठा घेऊन निघालेला हाती गोदामाच्या मधोमध थांबायचा आणि माहूत त्याच्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहायचा. शेवटी मिलने ठरवलं की नवी गाडी आणायची. ती विश्वकर्मा पूजेच्या आधी यायची होती, म्हणजे पूजा तिचीच होईल. जुनी त्याआधी शेडमधून हलवायची.

मॅनेजर म्हणाले, "भंगारवाल्याला बोलवा, सगळी एकदमच उचलू दे."

आजोबा म्हणाले, "लोखंड द्या त्याला. सेल नाही. सेल बॅटरीच्या कारखान्यात परत जातील. ते शिसं नीट भट्टीत वितळवतात आणि नवीन बॅटरीत घालतात."

"भंगार ते भंगार! त्याची इतकी बडदास्त कशाला?"

बरेच दिवस घासाघीस झाली. अखेर मॅनेजर कंटाळले. "तुमचं तुम्ही बघा. पण शेड मला रिकामी हवी."

आजोबांना वाटलं, जिंकलो. ते पाना आणि दोन माणसं घेऊन शेडमध्ये गेले, तर दारात माहूत उभा. त्याच्या मागे शेडमधले सगळे.

"साहेब, हातीला हात लावायचा नाही."

"अरे, तुला माहीत आहे ना आत काय आहे? तुझ्याच नातीला—"

"माझ्याच नातीला, साहेब. म्हणून तर म्हणतो."

तेव्हा पहिल्यांदा आजोबांना कळलं की माहुताच्या मनात काय बसलं होतं. डॉक्टरांनी शिसं म्हटलं ते त्याने ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ त्याने आपला लावला होता. ज्याच्यावर ठाकूर, म्हणजे देव, बसतात त्या हत्तीचं पोट कुऱ्हाडीने फोडलं, आतडी बाहेर काढून चुलीवर चढवली. शाप लागणार नाही तर काय होणार? आणि तो लागला हातीला सांभाळणाऱ्याच्याच घराला. आता पुन्हा हातीला उघडायचं म्हणजे पुन्हा कोणाचं तरी पोर जाणार. यावर त्यांनी सगळ्यांनी मिळून तोडही काढली होती. या वर्षी विश्वकर्म्याबरोबर हातीचंही विसर्जन करायचं. अख्ख्या हातीचं. जेटीवरून, सेलांसकट, गंगेत.

"तळं वेगळं, साहेब. गंगा वेगळी. गंगा सगळं पोटात घेते."

आजोबांनी परोपरीने सांगितलं. जेटीच्या खालच्या अंगाला घाट आहे, तिथे तुमच्याच बायका आंघोळ करतात. पेट्या पाण्यात कुजतील, फुटतील, शिसं तिथेच राहील. माहूत ऐकून घेई आणि म्हणे, "तुम्ही शिकलेले आहात साहेब. पण तुम्ही तेव्हा इथे नव्हता." बाकीचे तर काम बंद करायची भाषा बोलू लागले. मॅनेजर म्हणाले, पोलीस बोलावतो. आजोबांना तेही नको होतं. धरपकडीच्या आणि बॉम्बच्या त्या वर्षांत कलकत्त्यात पोलीस कुठे शिरले की काय होतं ते आम्ही रोज पाहत होतो.

घरी येऊन ते नुसते पानावर बसून राहायचे. मला म्हणाले, "त्यालाही तेच हवंय जे मला हवंय. पोरं आजारी पडायला नकोत. आणि आम्ही दोघंही एकमेकांचं ऐकत नाही."

त्या वर्षी आपला गणपती आणि त्यांची विश्वकर्मा पूजा अगदी पाठोपाठ आले होते. आमचा गणपती कुमारटुलीच्या कारागिराकडून यायचा. आम्ही त्याला कितीही सांगितलं तरी डोळे तो बंगालीच काढायचा, कानापर्यंत लांब. आमच्याकडे दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी आजोबांनी पोथीत बघून उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवली. मी घाटावर न्यायला दही-पोह्यांचा डबा भरत होते. एवढ्यात तुमच्या आईने भोकाड पसरलं.

"बाप्पा बुडणार! त्याच्या नाकात पाणी जाणार!"

मी म्हटलं, "अगं वेडे, बाप्पा गेलासुद्धा. बाबांनी अक्षता टाकून मूर्ती हलवली ना, तेव्हाच तो आपल्या घरी गेला. आता ही नुसती माती आहे."

"नुसती?"

"नुसती. शाडूची."

"मग मी हात लावू?"

"लाव."

तिने मूर्तीच्या पोटाला बोट लावलं आणि डोळे पुसले. मी डब्याचं झाकण लावायला वळले तर आजोबा तसेच पाटावर बसलेले, हातात उरलेल्या अक्षता.

"अहो, निघायचं ना?"

"तू आत्ता काय म्हणालीस?"

"निघायचं ना म्हटलं."

"त्याच्या आधी."

मी सांगितलं. ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. "अगं, त्यांच्याकडे उत्तरपूजा असेल का?"

असते. मिलच्या पूजेला येणारे भटजी खिदिरपूरला राहायचे. त्यांना ठाकूरमोशाय म्हणत. गोल, घामाघूम, पान खाणारे गृहस्थ. आजोबा घाटावरून परस्पर त्यांच्याकडे गेले आणि मलाही ओढून नेलं. ठाकूरमोशाय म्हणाले, "म्हणजे काय? दर्पण-विसर्जन! परातीत पाणी घ्यायचं, आरसा धरायचा, त्यात ठाकुरांचं प्रतिबिंब घ्यायचं. प्रतिबिंब पाण्यात सोडलं की ठाकूर गेले. त्यानंतर राहतो तो पेंढा आणि माती. मूर्ती उचलतात ती त्याच्यानंतर. लोकांना वाटतं विसर्जन गंगेत होतं. ते आधीच परातीत झालेलं असतं."

"आणि यंत्राचं करता येईल?"

त्यांनी पान गालात सरकवलं. "इंजिनिअरबाबू, यंत्राचं दर्पण-विसर्जन माझ्या बापाने केलं नाही की आज्याने. पण ज्याच्यात प्रतिष्ठा होते त्याची सुटकाही होते. नियम तोच."

माहूत मात्र असा पटकन पटणारा नव्हता. शेडमध्ये झालेलं बोलणं आजोबांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं.

"म्हणजे पाण्यात हाती जाणार, आणि इथे उरणार ते लोखंड?"

"लोखंड आणि शिसं."

"आणि मग तुम्ही कुऱ्हाड आणणार."

"कुऱ्हाड नाही. पाना. आणि तो तुझ्या हातात. एक-एक स्क्रू तू काढायचा. सेल एकही फोडायचा नाही. जसे आहेत तसे, उभेच्या उभे, लॉरीत घालू. तू बरोबर बस. कारखान्याच्या दारापर्यंत."

"तिथे ते फोडतील."

"फोडतील. पण बंद खोलीत, हातमोजे घालून, तळ्यापासून लांब. धूर वर चिमणीतून. आणि शिसं वाया जात नाही. नव्या बॅटरीत जातं."

माहुताने मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे दुसरा जन्म."

"तसंच म्हण."

"हत्तीचाच?"

"ते कसं सांगू? एखाद्या डबलडेकर बसमध्येही बसेल."

"धरमतल्याला फिरेल मग," माहूत म्हणाला. "बरं आहे. बिचाऱ्याचा जन्म गोदामात गेला."

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, बसमध्ये बसलास तर तिकीट काढायचं नाही! आपलाच हाती!" आणि सगळे हसले.

पण एक अडचण निघाली. ठाकूरमोशायांचा पूजेचा आरसा तळहाताएवढा. माहुताने तो हातीसमोर धरून पाहिला आणि परत दिला. "यात एक डोळाच दिसतो. बाकीचा हाती काय इथेच राहणार?"

म्हणून माझा आरसा गेला. माझ्या लग्नात आईने दिलेला, सागवानी चौकटीचा, अर्ध्या दाराएवढा. दोन चादरींत गुंडाळून आम्ही तो बजबजच्या लोकलमध्ये चढवला. एका बाजूने आजोबा, एका बाजूने मी, आणि मधे तुमची आई सगळ्यांना सांगतेय की हा हत्तीसाठी आहे. वाटेत चादर घसरली. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ आरशात बघून केस नीट करायला लागले. शेजारचा म्हणाला, "दादा, हत्तीच्या आधी आपला नंबर लावलात का?"

नवी गाडी आलेली होती, कोपऱ्यात ताडपत्रीखाली. पण त्या दिवशी मूर्ती हातीवरच बसली. माहुताने ते मॅनेजरांकडून कसं मिळवलं ते मला माहीत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मूर्ती उचलण्याआधी, शेडच्या दाराशी उजेडात परात ठेवली. आजोबांनी आणि माहुताने आरसा तिरका धरला. आरशात हाती आला. माळ, शेंदूर, डोळे, सोंड, सगळा. आरशातून तो खाली परातीतल्या पाण्यात उतरला. पाणी थरथरत होतं, म्हणून तोही थरथरत होता. ठाकूरमोशाय मंत्र म्हणत होते. एकेक जण येऊन वाकून पाण्यात बघून जात होता. माहुताची नातही आली. तेव्हा ती चांगली उंच झाली होती. तिने डाव्या हाताने फूल टाकलं, पाण्यावर तरंग उठले आणि हाती फुटून नाहीसा झाला.

"गेला," माहूत म्हणाला.

परात त्याने एकट्याने जेटीपर्यंत नेली. आम्ही सगळे मागून. त्याने पाणी गंगेत ओतलं. फक्त पाणी आणि फूल. परत आल्यावर त्याने हातीच्या पत्र्यावर हात ठेवला, जसा नेहमी ठेवायचा, आणि लगेच काढून घेतला. "थंड आहे," एवढंच म्हणाला आणि पाना मागितला.

सेल नेले त्या दिवशी मी नव्हते. लॉरीत पेंढा आणि वाळू पसरली होती. अॅसिड सांडलंच तर त्यावर टाकायला आजोबा घरातून धुण्याच्या सोड्याचा अख्खा डबा घेऊन गेले होते. माझ्या हातचं लेबल लावलेला डबा, तो परत आला नाही हे मी त्यांना पुढे खूप वर्षं ऐकवलं. बॅटरीचा कारखाना शहराच्या उत्तरेला. लॉरी सियालदहला पोचली आणि बाजाराच्या गर्दीत अडकली. हातगाड्या, भाजीची पोती, लोकलमधून उतरलेली माणसं. मागून एका ठेल्याचा धक्का लागला, एक सेल कलंडला आणि अॅसिड लॉरीच्या फटीतून रस्त्यावर ठिबकायला लागलं. आजोबांनी उडी मारून त्यावर सोडा ओतला. फस्स करून हा एवढा फेस आला.

त्या दिवसांत रस्त्यावर काही फुसफुसलं की लोकांच्या डोक्यात एकच शब्द यायचा, बॉम्ब. "बोमा! बोमा!" कोणीतरी ओरडलं आणि क्षणात चौक रिकामा. दुकानांच्या फळ्या खटाखट पडल्या. एक पोलीस लांबूनच दंडुका दाखवत ओरडला, "काय आहे लॉरीत?"

माहूत सेलांवर हात पसरून उभा राहिला आणि ओरडला, "हत्ती!"

पोलिसाला ते पटवायला बराच वेळ गेला. पण एक फायदा झाला. चौक रिकामा झाला होता, लॉरी सरळ निघाली.

कारखान्यात सेल मोजून घेतले, सगळे उभे, सगळे न फुटलेले, एक कलंडलेला सोडून. माहुताने भट्टी बघायला मागितली. त्याला आत सोडलं नाही. चिमणी दाखवली. तो मान मागे टाकून तिच्याकडे बघत राहिला आणि मग आजोबांना म्हणाला, "चला साहेब. आता चहा पाजा." लोखंड पुढे ओतशाळेत गेलं. पुढचा पत्रा, डोळ्यांचा आणि सोंडेचा, माहुताने ठेवून घेतला आणि शेडच्या दारावर ठोकला. नव्या गाडीला त्याने हाती कधीच म्हटलं नाही. ती चालवायलाही दुसरा आला. पण नव्या गाडीचे सेल जेव्हा बदलले तेव्हा ते कोणी न सांगता त्याच रस्त्याने गेले. तोपर्यंत शेडमध्ये ती रीतच होऊन बसली होती. आधी आरसा, मग पाना, मग लॉरी. लॉरीत सोड्याचा डबा. दरवेळी आरसा माझाच जायचा. तो घरी आला की तुमची आई त्याच्या मागे जाऊन बघायची, हाती कुठे राहिलाय का.

थोरल्या, तुझ्या कामात तुला आरसा लागणार नाही हे मला कळतं. तुमच्याकडे नियम आहेत, ते छापलेले आहेत आणि लोक ते पाळतात. पण त्या म्हाताऱ्याला रिबीन काढायची घाई करायला लावू नकोस. त्याची ती उत्तरपूजा झाली की बॅटरीही तो स्वतःच काढून देईल.

आता काय उरलं आहे ते सांगते आणि थांबते.

मिल बंद पडून जमाना झाला. शेडच्या भिंतीतून पिंपळ आला आहे. डोळ्यांचा पत्रा चोरीला गेला. माहूत गेला, ठाकूरमोशाय गेले, आजोबा गेले. माहुताची नात आता स्वतः आजी आहे. ती लाइनींच्या जागी झालेल्या वस्तीत राहते आणि दर विश्वकर्मा पूजेला मला फोन करते. तिच्या उजव्या मनगटात अजून जोर नाही, बादली ती डाव्या हाताने उचलते. माझा आरसा माझ्या खोलीत आहे, चौकटीचा खालचा कोपरा लोकलच्या दारात लागून झिजला आहे. आणि लाइनींमागचं तळं आहे. परवाच मी तिला मुद्दाम विचारून घेतलं. त्यावर बायका धुणी धुतात, आणि त्यात मासे आहेत.